पाखरूचं डोहाळजेवण

घोडीच्या डोहाळजेवणाची पत्रिका मोबाईलवर आली तेव्हा डॉक्टर ईश्वरी खारघरच्या आपल्या दवाखान्यात एका पर्शियन मांजराची नखं कापत होती. पत्रिकेवर फुलांचा झोपाळा होता आणि झोपाळ्यावर बाईच्या जागी एक पांढरी घोडी चिकटवलेली. खाली मजकूर: 'आमच्या येथे गावदेवीच्या कृपेने चि. सौ. पाखरू हिचे सातव्या महिन्याचे ओटीभरण रविवारी करण्याचे योजिले आहे.' निमंत्रक सौ. पुतळा व श्री. धर्मराज म्हात्रे, करंजाडे. ईश्वरी इतकी हसली की मांजराने तिला बोचकारलं.

हसू ओसरलं आणि डोक्यात किडा वळवळला. सातवा महिना खरा, पण तपासलं कुणी?

म्हात्र्यांचा लॅब्राडोर तिच्याकडेच येई. पण घरात घोडी आहे हे धर्मराजशेठनी आजवर सांगितलं नव्हतं, याचा तिला मनापासून राग आला. कारण ईश्वरीने पुढचं शिक्षण घेतलं होतं ते घोड्यांचं, त्यातही घोडीच्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या आजारांचं. मग लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इकडे, खारघरचा फ्लॅट. चार वर्षांत तिच्या टेबलावर कुत्री आली, मांजरं आली, एकदा तर बिल्डरचा पोपट आला, घोडा म्हणून कधी आला नाही. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"तपासनी कसली, बाय?" धर्मराजशेठ म्हणाले. "दिवालीला घोडा लावला, त्या दिसापासून ती माजावर आलेली नाय. मंग पोटुशी नाय तर काय उपाशी हाय? तू फकस्त ताकदीचा इंजेक्शन घेऊन ये. आनि तिचा राग उतरंल असा काय असला तर बग."

"राग? कसला राग?"

मग शेठनी सांगितलं की माघात घरच्याच एका लग्नात वरातीत पाखरूने बँडवाल्याची घोडी पाहिली, मान उंचावून खिंकाळली आणि पाठीवरच्या नवरदेवाला घेऊन तिच्यावर धावून गेली. नवरदेव मांडवाच्या झालरीला लोंबकळत राहिला म्हणून वाचला. ईश्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला. माजावर न येणारी घोडी दुसऱ्या घोडीमागे लागते, हे तिने वाचलं होतं, लिहिलंही होतं. डोळ्यांनी पाहिलं मात्र नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ती करंजाड्याला पोहोचली.

म्हात्र्यांची भातशेती शहरात गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. बदल्यात मिळालेल्या भूखंडावर आता चार मजली बंगला होता, वर भाडेकरू, खाली पार्किंग. पार्किंगमध्ये एक मोठी गाडी, दोन बुलेट आणि छताच्या पंख्याखाली पाखरू. सात वर्षांची, पांढरीशुभ्र, देखणी. पण मान घोड्यासारखी जाड झालेली, कान मागे पडलेले. पाठीमागच्या गल्लीतून बँडवाल्याची घोडी गेली तशी पाखरूने नाक वर करून वरचा ओठ मुडपला, खूर आपटले आणि छाती भरून अशी खिंकाळली की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने खिडकी लावून घेतली. नुसता राग नव्हता तो. ते नराचं वागणं होतं, अगदी जसंच्या तसं.

"डॉक्टर, ही सायको झालीय," शेठचा मुलगा मितेश शर्टाची कॉलर बाजूला करून खांद्यावरचा दातांचा वण दाखवत म्हणाला. तिशीचा, बांधकामाच्या मालाचा धंदा करणारा. "माझं सोडा. गेल्या महिन्यात माझ्या मनस्वीच्या डोक्यावरून लाथ गेली. चार वर्षांची पोर आहे. थोडक्यात वाचली. कळंबोलीचा व्यापारी टेम्पो घेऊन तयार आहे, एक फोन मारला की आला. पण आमची आई ऐकेल तर ना!"

"पोटुशी बायला राग येनारच," पुतळाकाकी म्हणाल्या. साठीकडे झुकलेली, नाकात चमकी, पदर खोचलेला. हातात पाखरूसाठी गुळाचा खडा. "तुज्या वेलंला मी तुज्या बापाला तांब्या फेकून मारला व्हता. मना कोनी टेम्पोत घातला काय?"

धर्मराजशेठनी भुवईवरच्या जुन्या खुणेवरून बोट फिरवलं.

"ठीक आहे," मितेश म्हणाला. "बाळंत होईपर्यंत थांबतो. पण हिच्या पोटात काही नसलं ना, तर त्याच मिनिटाला टेम्पो."

एवढ्यावर पाखरूचं नशीब टांगलेलं होतं, हे ईश्वरीला तिथंच कळलं.

तिने आतून तपासायची परवानगी मागितली. शेठ कचरले. ओटी भरायच्या आधी आत हात घालायचा म्हणजे नजर लागणार. काकींनी तो मुद्दा एका वाक्यात निकालात काढला: "नजर डोल्यांची लागते, हाताची नाय. घाल, बाय."

गुंगीचं हलकं इंजेक्शन दिल्यावर पाखरूची मान खाली आली. ईश्वरीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, तेल लावलं आणि गुदद्वारातून हात हळूहळू पुढे सरकवला. आतड्याच्या भिंतीपलीकडे गर्भाशय लागलं. रिकामं, सैल. साडेसहा महिन्यांचं शिंगरू असतं तर ते वजनाने केव्हाच पोटात खाली ओढलं गेलं असतं. डावं अंडाशय सापडायलाच वेळ लागला. सुपारीएवढं, टणक, निपचित. मग हात उजवीकडे वळला आणि थांबला. सोललेल्या नारळाएवढं काहीतरी होतं तिथे. निरोगी घोडीच्या अंडाशयाला एक खोबण असते, बीज नेमकं तिथूनच बाहेर पडतं. ईश्वरीने बोटांनी ती खोबण शोधली, पुन्हा शोधली. खोबण बुजून गेली होती. दुसऱ्या हाताने तिने सोनोग्राफीचं छोटं यंत्र सुरू केलं, टोक आत नेलं आणि पडद्यावर मधमाश्यांचं पोळं उमटलं. काळे काळे कप्पे, मध्ये पांढऱ्या भिंती.

"वा! वा, वा, वा!" ईश्वरी ओरडली. तिला राहवलंच नाही.

"शिंगरू दिसला!" धर्मराजशेठ तिच्याहून मोठ्याने ओरडले. "अगो, पेढं काढा!"

पुतळाकाकींनी पदर डोळ्यांना लावला. जिन्यावरून सून पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आली. ईश्वरी हात आतच ठेवून उभी. मितेशकडे पाहिलं तर त्याच्या हातात मोबाईल. आता 'रिकामी आहे' एवढे दोन शब्द उच्चारले असते तर तासाभरात टेम्पो दारात उभा राहिला असता, आणि कळंबोलीचा तो व्यापारी ही घोडी पुढे कुणाला, कशासाठी विकणार हे देवच जाणे.

"शेठ, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. मग सगळं नीट सांगते," ती म्हणाली. खोटं त्यात काही नव्हतं. पण तोंडात कोंबलेला पेढा तिला गिळवेना. आपण एका खुळ्या आनंदाला हातभार लावून आलोय, ही टोचणी तिला रविवारपर्यंत पुरली.

रक्ताचीही गंमतच होती. पुरुषी संप्रेरक तपासून भागत नाही, कारण गाठ असूनही कधी कधी ते वाढतच नाही. नक्की सांगतं ते दुसरंच एक संप्रेरक, एएमएच, आणि ते तपासतात माणसांच्या वंध्यत्वाच्या लॅबमध्ये. वाशीतल्या अशा एका लॅबमधला ऋषी तिच्या ओळखीचा होता. माणसाच्या यंत्रावर घोडीचं रक्त लावायचं तर तुलनेला निरोगी घोडीचं रक्त हवं. म्हणून बुधवारीच तिने बँडवाल्याच्या हातापाया पडून त्याच्याही घोडीचं रक्त घेतलं होतं. ऋषीने फॉर्म भरायला घेतला. रुग्णाचं नाव, पाखरू म्हात्रे. वय, सात.

"'लग्नाला किती वर्षं झाली' असा एक रकाना आहे, मॅडम. काय लिहू?"

"वराती बऱ्याच झाल्यात, लग्न एकही नाही. असं लिही."

शनिवारी दुपारी ऋषीचा फोन आला. आवाज चिरकलेला. "मॅडम, बँडवाल्याची घोडी एकदम नॉर्मल वाटतेय. पण तुमच्या पाखरूचा आकडा मशीनच्या बाहेर जातोय! मी रक्त दहापट पातळ करून लावलं, तरी वर! मशीन बिघडलं म्हणून मी माझंच रक्त लावून बघितलं."

ईश्वरी भर दवाखान्यात नाचली. समोर बसलेल्या बुलडॉगच्या मालकिणीला काही कळेना, तेव्हा तिने तिलाच सगळं सांगून टाकलं. अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती त्याला पोसणाऱ्या पेशींचा एक थर असतो. त्यातल्याच काही पेशी कधीतरी चळतात, बीज नसतानाच वाढत सुटतात आणि गाठ होते. ही गाठ मेंदूला सारखे निरोप धाडते की इथे सगळं भरपूर आहे, आता बस. मेंदू तिकडून येणारा हुकूम थांबवतो आणि दुसरं, निरोगी अंडाशय बिचारं झोपी जातं. वर ही गाठ पुरुषी संप्रेरकही बनवते, म्हणून घोडी घोड्यासारखी वागते. बरं, गाठ बहुतेक वेळा बाकी शरीरात पसरत नाही. काढली की काही महिन्यांत झोपलेलं अंडाशय जागं होतं!

"म्हणजे ती वाईट नव्हतीच," मालकीण म्हणाली.

"नव्हतीच!" ईश्वरी म्हणाली. हेच तिला उद्या मितेशसमोर सिद्ध करायचं होतं.

रविवारी सकाळी करंजाड्याच्या त्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हिरव्या साड्यांतल्या पन्नासेक बाया, मांडव, बेंजो, जेवणाचा घमघमाट. बायकांच्या धवळ्यांची, त्या पारंपरिक मंगलगाण्यांची, ओळ संपली की बेंजो सुरू, बेंजो थांबला की पुन्हा धवळा. पाखरूच्या आयाळीत हिरव्या बांगड्या ओवल्या होत्या आणि कपाळावर फुलांची वाडी बांधली होती. तिला मात्र आखूड दोरीने दोन बाजूंनी जखडलं होतं, आणि जवळ जायची कुणाची छाती नव्हती. ओटीचं सूप हातात घेऊन पुतळाकाकी तेवढ्या निर्धास्त उभ्या होत्या. ईश्वरीने त्यांना आणि शेठना खुणेने खांबाआड बोलावलं आणि एका दमात सांगितलं. पोटात शिंगरू नाही. उजव्या अंडाशयात गाठ आहे. राग त्या गाठीचा आहे. ऑपरेशनने जाईल.

शेठच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरलं. पत्रिका तीनशे लोकांना गेली होती.

"म्हणजे रिकामी?" मितेश मागे कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही. "तुम्हाला बुधवारपासून माहीत होतं?"

"हो. गाठीची खात्री मात्र काल झाली," ईश्वरी म्हणाली. "पण तुमचं खरं आहे. मी बुधवारीच बोलायला हवं होतं. तुम्ही टेम्पो बोलवाल म्हणून मी घाबरले."

"आता बोलवतो." त्याने फोन कानाला लावला. बेंजो थांबला. बाया माना वळवून पाहू लागल्या.

"मितेशभाऊ, ऐका तरी. माझे सर पुण्याकडे घोड्यांच्या रुग्णालयात सर्जन आहेत. घोडीला आडवीसुद्धा करत नाहीत. उभ्या उभ्या, कुशीला बारीक छिद्रं पाडून कॅमेऱ्याने बघत..."

"आणि मग? एक बाजू काढल्यावर काय राहिलं? अर्धी घोडी. शिंगरू नाही, वरात नाही. कशाला ठेवायची अर्धी मादी? टेन्शन पाळायचं नुसतं!"

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. पुतळाकाकी मांडवाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. मितेशने ठेवला नाही. तशा त्या बायांकडे वळल्या. "लगीन करून उरनवरशी मी या घरात आले तवा एकोनीस वरसांची व्हते. बाविसाव्या वरसी माजी पाली बंद झाली. सासू बोलली, नातू येतंय. सगल्या आलीला साखर वाटली. नऊ म्हयनं झालं, धा झालं. पोर नाय. माज्या हनुवटीला केस आलं, आवाज फाटला. या मानसाला तांब्या फेकून मारला तो तवा पयल्यांदा. लोक बोललं, हिला भायेरचा लागलाय. सासून माजा बोचका बांधून दारात ठेवला."

धर्मराजशेठ जमिनीकडे बघत होते.

"माजा बापूस मना हास्पिटलात घेऊन गेला. डाक्टर बोलला, एका बाजूला गोला हाय, ती बाजू काढावी लागंल. काढली. कोनाला सांगितला नाय. आज सांगतंय." त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला आणि मितेशकडे पाहिलं. "दोन वरसांनी तू झालास. उरलेल्या बाजूचा. अर्ध्या बायचा."

मितेशच्या हातातल्या फोनमधून 'हॅलो, शेठ, हॅलो' ऐकू येत राहिलं. त्याने तो बंद केला. मग तो आईकडे वळला, "आये, मला कधी बोलली नाहीस."

"तू कवा इचारलास?"

ईश्वरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आनंदाने तिला ओरडावंसंही वाटत होतं. तिच्या सगळ्या प्रबंधाने जे मितेशला पटलं नसतं ते काकींनी चार वाक्यांत पटवलं होतं. काकींनी सूप उचललं, सरळ पाखरूसमोर गेल्या, तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. पाखरूने कान मागे टाकले. काकींनी गुळाचा खडा पुढे केला. कान सावकाश वर आले.

"ओटी भरनार," त्या बायांना म्हणाल्या. "आपरेशनची. वाजवा रं!"

आणि बेंजो असा वाजला की बस. जेवणं झाली, कुणी चेष्टा केली नाही. चार बाया मात्र जाता जाता ईश्वरीला बाजूला घेऊन हळूच काही विचारून गेल्या. ते घोडीबद्दल नव्हतं. तिने त्यांना बायकांच्या डॉक्टरकडे धाडलं.

पाखरूला पुण्याकडे न्यायला टेम्पो ठरवला तो मितेशनेच, आणि आत जाड गवताची गादी घालून घेतली. सरांनी कुशीतून गाठ सोडवून पिशवीत घालून बाहेर काढली तेव्हा ईश्वरी त्यांच्याशेजारी होती. किलोभर भरली. काकींनी बघायचा हट्ट धरला, म्हणून सरांनी त्यांच्यासमोर ती कापून दाखवली. आत कप्पेच कप्पे, तांबूस पाण्याने भरलेले. "मना कोनी दाखवला नव्हता," काकी म्हणाल्या आणि वाकून अगदी निरखून बघत राहिल्या.

त्यानंतर वाट बघणं आलं. तीन महिन्यांत पाखरूचे कान पुढे राहू लागले. मनस्वीला मितेश स्वतः कडेवर घेऊन तिच्याजवळ नेऊ लागला, आधी लांबून, मग आयाळीला हात लागेल इतकं जवळून. पण डावं अंडाशय काही जागं होईना. दर महिन्याला ईश्वरी तपासायची आणि दर महिन्याला तीच सुपारी. सहावा महिना गेला, सातवा गेला. सर म्हणाले, काहींना वर्ष लागतं, काहींचं जागं होतही नाही. ईश्वरीने हे काकींना सांगितलं नाही. मग त्या बुधवारची आठवण झाली, आणि सांगितलं.

"मना दोन वरसं लागली व्हती," काकी म्हणाल्या. "हिला कसली घाई हाय?"

नवव्या महिन्यात, एका सकाळी सातलाच, मितेशचा फोन. "डॉक्टर, लवकर या! पाखरू शेपूट वर करून उभी आहे. बँडवाल्याकडे नवीन घोडा आलाय ना, त्याच्याकडे बघतेय. आणि लाजतेय! आईशप्पथ, लाजतेय!"

ईश्वरीने बुलडॉग, पोपट, सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलल्या. करंजाड्यात म्हात्र्यांचं सगळं घर पार्किंगमध्ये जमलेलं. या खेपेला गुंगीचं इंजेक्शन लागलं नाही, पाखरू आपण होऊन उभी राहिली. हात डावीकडे गेला. सुपारी नव्हती. मऊ, भरीव, लिंबाहून मोठं काहीतरी बोटांना लागलं. पडद्यावर एक काळाभोर गोल उमटला, काठ स्वच्छ, पाणीदार.

या वेळी 'वा' म्हणण्याआधी ईश्वरीने मान वळवून सगळ्यांना बजावलं, "शिंगरू नाही! पेढे आणू नका! हे नुसतं बीज आहे, पिकलेलं. डाव्या बाजूचं. जागी झाली ती!" आणि मग ती पोटभर ओरडली.

धर्मराजशेठ पेढे आणायला निघालेच होते, ते अर्ध्या जिन्यात थांबले. मितेश पडद्याशी वाकला. त्या काळ्या गोलावर त्याने बोट ठेवलं.

"आये," तो म्हणाला, "मी पण असाच होतो काय सुरुवातीला?"

पुतळाकाकींनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू याच्याऊन पुष्कल बारका व्हतास," त्या म्हणाल्या. "पन याच बाजूला."